बिंब, प्रतिबिंब आणि बिंबणे



आमचा नातू कॉलेजात शिकतो. एके दिवशी संध्याकाळचा हरिपाठ आटोपून आम्ही ओसरीवर टेकलो असता तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, इंग्रजीत रिफ्लेक्शन असा एक शब्द आहे. कोशात पाहिलं तर एक अर्थ आरशातलं प्रतिबिंब, दुसरा प्रकाशाचं परावर्तन, आणि तिसरा चिंतन-मनन. आरसा कुठं, चिंतन कुठं! यातला खरा कोणता धरू?" आम्हाला इंग्रजी बेताचेच. परंतु त्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून 'मागे वळणे, वाकून परत येणे' असा त्याचा धात्वर्थ आहे, हेही त्यानेच वाचून दाखविले. तेव्हा आम्ही म्हटले, "अरे, मग अडचण कसली? किरण वळून परत आला की प्रतिबिंब, आणि मन वळून परत आले की चिंतन. वळणे दोहीकडे एकच आहे." कठोपनिषदाने हेच सांगितले आहे. इंद्रियांची तोंडे बाहेरच्या बाजूला उघडलेली, म्हणून जीव बाहेरच पाहतो. एखादाच धीर पुरुष डोळा माघारी वळवून आत पाहतो.

पोराचे समाधान झाले, तो गेला. आमचे मात्र झाले नाही. आपल्या मराठीत या दोन गोष्टींना जोडणारा शब्द नाही काय, असा विचार रात्री अंथरुणावर करीत असता एकदम ध्यानात आले, की अहो, तो तर आपण रोज वापरतो. 'बिंब' हाच तो शब्द. आरशात दिसते ते प्रतिबिंब, आणि मनात खोल उतरते ते 'बिंबते'. मास्तर मुलाच्या मनावर पाढा बिंबवतात, आई सत्य बोलणे बिंबवते. एकाच मुळाला फुटलेल्या या दोन फांद्या आहेत. त्यांच्यात किती अंतर आहे, ते आज पाहावयाचे आहे.

लहानपणी पाठशाळेत आम्ही अमरकोश पाठ केला, तेव्हा अर्थ कळत नव्हता, चालीवर म्हणत होतो. आता वळून पाहता त्यातील रचना मोठी मौजेची वाटते. अमरसिंह बिंब शब्द सूर्यचंद्राच्या मंडलाला लावतो. सूर्यबिंब, चंद्रबिंब हे आपण बोलतोच. तोंडलीच्या वेलालाही संस्कृतात बिंबिका म्हणतात. तिचे फळ पिकले की लालबुंद होते, म्हणून कवींना सुंदर ओठ दिसले की ते 'बिंबाधर' म्हणून मोकळे होतात. त्यांचे त्यांच्यापाशी. आमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. प्रतिबिंब हा शब्द अमरसिंहाने ज्या पंक्तीला बसविला आहे, त्याच पंक्तीत प्रतिमा आहे, प्रतिच्छाया आहे, प्रतिकृती आहे, प्रतिनिधी आहे, आणि अर्चाही आहे! अर्चा म्हणजे पूजेची मूर्ती. तेव्हा आरशातले तोंड आणि राउळातली मूर्ती कोशकाराच्या लेखी सोयरी आहेत.

छाया शब्दही असाच. आपण मराठीत छाया म्हणजे सावली समजतो. सावलीत केवळ आकार असतो, उजेड नसतो. प्रतिबिंबात आकारही असतो आणि उजेडही. संस्कृतात मात्र छाया म्हणजे सावली, छाया म्हणजे कांती, आणि छाया म्हणजे प्रतिबिंबही. जुन्या नाटकांत स्त्रिया व सेवक प्राकृत बोलतात. त्या वाक्याखाली त्याचे संस्कृत रूप छापलेले असते, त्यालाही 'छाया' असेच नाव. आम्ही विद्यार्थी प्राकृत वाचण्याचा कंटाळा करून तेवढी छाया वाचून पुढे जात असू. मूळ सोडून छायेवर भागविण्याची ही सवय पुढे आयुष्यात फार महाग पडते, हे तेव्हा गुरुजी सांगत होते, पण बिंबले नव्हते.

आता आरशाकडे येऊ. मराठी 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' शब्दापासून आला आहे. ज्यात नीट पाहता येते तो आदर्श. पुढे ज्याच्याकडे पाहून आपण आपले वागणे नीट करावे, त्या पुरुषालाही आदर्श म्हणू लागले. दंडीने साहित्यावर ग्रंथ लिहिला, त्याचे नाव काव्यादर्श. आरशाचे दुसरे नाव दर्पण. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मराठीतले पहिले वृत्तपत्र काढले, त्यालाही त्यांनी हेच नाव दिले. परंतु दर्पण शब्दाची व्युत्पत्ती ऐकाल तर दचकाल. दर्प म्हणजे गर्व. दर्प उत्पन्न करतो तो दर्पण! आरशासमोर दोन घटका उभ्या राहणाऱ्या माणसाला पाहूनच वैयाकरणाने ही फोड केली असावी. वस्तू एकच, पाहणारा सुधारला तर ती आदर्श, फुगला तर दर्पण. आणि आता तर आरसा ज्याच्या त्याच्या खिशात आला आहे. गेल्या वारीत आमच्या पुढच्या दिंडीतला एक तरुण टाळ खांद्याला अडकवून मोबाईलमध्ये आपलाच चेहरा पाहत चालला होता. त्याला नावे ठेवावयाची नाहीत. टाळ त्याने सोडला नव्हता.

आरशाचे काम कसे चालते? शाळेच्या पुस्तकात नियम आहे, की किरण ज्या कोनाने येऊन पडतो त्याच कोनाने माघारी जातो. आरसा आपल्या पदरचे काही घालीत नाही, काही काढीतही नाही. पूर्वी काशासारखा धातू घासूनघासून आरसे करीत. केरळात आरन्मुळ येथे असे धातूचे आरसे आजही होतात. काचेच्या मागे चांदीचा पातळ थर बसविण्याची रीत जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ साली काढली, आणि मग आरसा घरोघरी झाला. लक्षात घ्या, नुसत्या काचेतून पलीकडचे दिसते. पाठीमागे थर बसला, पलीकडचे दिसावयाचे बंद झाले, की मग आपण दिसतो. बाहेर धावणारी नजर अडल्याशिवाय माघारी वळत नाही.

येथे छांदोग्य उपनिषदातील ती प्रसिद्ध कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आत्मा जरारहित, मृत्युरहित आहे, तो जाणला असता सर्व प्राप्त होते, असे प्रजापती बोलल्याचे देवांनी ऐकले, असुरांनीही ऐकले. देवांकडून इंद्र निघाला, असुरांकडून विरोचन. दोघे हातात समिधा घेऊन प्रजापतीपाशी गेले व बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहिले. प्रजापतीने सांगितले, पाण्याने भरलेल्या परळात पाहा. दोघांनी पाहिले, केसापासून नखापर्यंत आपले रूप दिसले. मग म्हणाला, चांगली वस्त्रे नेसा, दागिने घाला, पुन्हा पाहा. पाहिले, तर पाण्यातही वस्त्रे, पाण्यातही दागिने. "हाच आत्मा," प्रजापती म्हणाला. दोघेही प्रसन्न चित्ताने निघाले. प्रजापती मागून पाहत राहिला.

विरोचन थेट असुरांत गेला आणि देह हाच आत्मा, त्याचीच पूजा करा, म्हणून सांगत सुटला. इंद्राचे पाऊल मात्र वाटेत अडले. देवांपर्यंत पोचण्यापूर्वीच त्याच्या मनात आले, की देह सजला तर ते सजते. मग देह आंधळा झाला तर तेही आंधळे, देह लंगडा तर तेही लंगडे, आणि देह पडला की तेही नाहीसे! मग यात अमर ते काय? तो समिधा घेऊन परत आला. पुन्हा बत्तीस वर्षे राहिला, पुन्हा परतला, पुन्हा राहिला. शेवटची पाच धरून एकंदर एकशेएक वर्षे झाली, तेव्हा त्याला खरे काय ते मिळाले.

सज्जनहो, परळ एकच, पाणी एकच, गुरूचे शब्दही एकच. विरोचनाने प्रतिबिंब पाहिले. इंद्राने प्रतिबिंब पाहिले आणि तो वळला. नातवाच्या कोशातले पहिला आणि तिसरा अर्थ यांच्यामधली वाट ती हीच. शास्त्रात श्रवण, मनन, निदिध्यासन असे तीन शब्द आहेत. त्यातला मनन म्हणजे इंद्राचे ते अर्ध्या वाटेवर थबकणे होय. विरोचनाचे श्रवण काही कमी नव्हते, बरं का!

पंडितांनी या प्रतिबिंबावर मोठमोठे वाद घातले आहेत. प्रकाशात्मयतींच्या विवरणाला अनुसरणारे म्हणतात, जीव हा ईश्वराचे प्रतिबिंब आहे, आणि प्रतिबिंब खोटे नाही. ते बिंबच आहे, केवळ ते 'तिकडे आरशात आहे' असे वाटणे खोटे. सुरेश्वराचार्यांच्या मताचे लोक म्हणतात, नाही, तो नुसता आभास आहे. वाचस्पतिमिश्र तर प्रतिबिंबाचा दृष्टांतच बाजूला ठेवून घटाने अडविलेल्या आकाशाचा घेतात. विद्यारण्यस्वामींनी पंचदशीत घटातल्या पाण्यात पडलेल्या आकाशाला जलाकाश म्हणून जीवाच्या जागी बसविले. पाठशाळेत असताना आम्ही या वादांत रात्री जागविल्या आहेत आणि समोरच्याला निरुत्तर करून झोपी गेलो आहोत. आज विचाराल तर आम्हाला विवरणाचे मत गोड लागते. कारण सांगतो. सकाळी स्नान करून आपण गोपीचंदनाचा गंध लावतो, तेव्हा आरशात पाहतो. पण गंध आरशाला लावतो का? लावतो कपाळाला, आणि आरशातल्या कपाळावर तो आपोआप उमटतो. भागवताच्या सप्तम स्कंधात प्रल्हादाने नरसिंहाची स्तुती करताना हेच सांगितले आहे. भगवंताला कशाचीच उणीव नाही; त्याला जो मान द्यावा तो देणाऱ्यालाच येऊन मिळतो, मुखाची शोभा प्रतिबिंबाला मिळावी तसा. म्हणजे बिंब तो, प्रतिबिंब आपण. आपण जन्मभर आरशावर गंध चोपडीत बसतो आणि पुसला की रडतो. तुळशीहार विठोबाच्या गळ्यात घाला, तुमचा गळा भरेल.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" असे आपल्याकडे म्हणतात. खरेच आहे, कांकण डोळ्याला दिसते. पण डोळ्याला डोळा दिसत नाही, त्याला आरसा लागतो. चांगदेवांनी कोरे पत्र पाठविले, त्याचे उत्तर ज्ञानोबारायांनी पासष्ट ओव्यांत दिले, आणि त्यात हा आरसा पुन्हा पुन्हा आणला. त्यांचे म्हणणे मात्र याच्याही पुढचे आहे. आरसा असो वा नसो, तोंड आहे तिथे आहेच. आरशाने तोंड निर्माण होत नाही आणि आरसा फुटला म्हणून तोंड फुटत नाही. चौदाशे वर्षांचे म्हणवणाऱ्या योग्याला हे सांगावे लागले!

सेना महाराजांची गोष्ट मात्र उलटी आहे. महिपतिबुवांनी ती भक्तविजयात सांगितली. सेना पूजेत रंगले, राजाकडे जावयाची वेळ टळली, तेव्हा पांडुरंगच धोपटी काखेत मारून सेनाचे रूप घेऊन गेला. राजा मर्दन करून घेत असता तेलाच्या वाटीत पाहतो तो चतुर्भुज मूर्ती! वर पाहावे तर सेना, वाटीत पाहावे तर देव. येथे समोरचे रूप हे सोंग होते आणि प्रतिबिंब खरे. तेव्हा प्रतिबिंब म्हणजे खोटे, असा सरसकट नियम कोणी करू नये. पुढे त्याच सेना महाराजांनी आपल्या धंद्यातला आरसा विवेकाचा करून लोकांपुढे धरला.

प्रतिबिंब पडावयास पाणी मात्र निवळ आणि निश्चल लागते. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून पाहा. वरच्या अंगाला पाऊस झालेला, पाणी गढूळ आणि ओढीचे. पूर मोठा असला तर पुंडलिकाचे देऊळही पाण्यात. त्या पाण्यात काही म्हणजे काही दिसत नाही. कार्तिकीला तीच नदी, तेच पात्र. पाणी बसलेले, आणि पहाटे काकड्याच्या वेळी पुंडलिकाचा कळस त्यात उतरलेला. आमची आई म्हणे, आषाढीला चंद्रभागा न्हाऊ घालते आणि कार्तिकीला तोंड दाखवते. ती शिकलेली नव्हती.

आईचे नाव निघाले, तेव्हा आता जे सांगावयाचे टाळीत होतो ते सांगितलेच पाहिजे.

एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू केले, त्यात सूर्य आहे. भांडी अनेक, प्रत्येकात सूर्य वेगळा दिसतो, पण आकाशातला सूर्य एकच. नाथबाबांनी यावर विस्ताराने निरूपण केले आहे, आणि हा आमचा हातखंडा विषय. काही वर्षांपूर्वी नीरेकाठच्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. त्या रात्री रंग चांगला भरला. घागर सोन्याची असो, मातीची असो, सूर्याला त्याचे काय. घागर हलली तर सूर्य हलल्यासारखा दिसतो, घागर फुटली तर सूर्य फुटत नाही. असे सांगता सांगता आमचेच डोळे भरून आले. मृदंगी, टाळकरी सगळे तल्लीन. आरती झाली, लोक पाया पडून जाऊ लागले. त्यात एक वृद्ध बाई आल्या. आमच्याच गावची लेक, तिकडे दिलेली. आमच्या वडिलांना त्या दादा म्हणत.

"बुवा," त्या म्हणाल्या, "शंभर घागरी असल्या तरी सूर्य एकच म्हणालात न्हवं?"

"होय आत्याबाई, एकच."

"मग धाकल्याच्या घागरीत कंचा हाय?"

एवढेच बोलल्या, आमच्या पायांना हात लावला आणि काठी टेकीत निघून गेल्या.

धाकला म्हणजे आमचा धाकटा भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या दोन हात रुंदीच्या बांधावरून आमचे बोलणे बंद झाले त्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. आई गेली तेव्हा खांदा दिला तो एकमेकांकडे न पाहता. तिचे वर्षश्राद्ध दोन घरी दोन झाले. त्या सात वर्षांत हे घागरीचे निरूपण आम्ही किती ठिकाणी केले असेल, याची मोजदाद नाही. लोकांना ते बिंबले असेल, काहींना खचित बिंबले. आम्ही परळात पाहत होतो आणि आमचे निरूपण किती शोभिवंत दिसते ते पाहून प्रसन्न चित्ताने घरी जात होतो. प्रजापती मागून पाहत असेल, हे ध्यानातच नव्हते. इंद्र वाटेत थबकला. आम्हाला थांबवावयास एक म्हातारी यावी लागली, आणि तीही सात वर्षांनी.

लगेच गेलो असे म्हणावे, तर तसे झाले नाही. पंधरा दिवस नुसते मनातल्या मनात वाद घातले. त्यात प्रतिबिंबवादही होता आणि आभासवादही होता. भाऊच आधी आला पाहिजे हा वाद मात्र कुठल्याच ग्रंथात नव्हता. मग एका सकाळी त्याच्या विहिरीवर गेलो. तो मोटर चालू करून पाट धरीत होता. आम्हाला पाहून कुदळ खाली ठेवली. काय बोलावे हे दोघांनाही सुचेना. "चहा टाकायला सांगू का, दादा?" असे तो शेवटी म्हणाला. आम्ही पाणी दे म्हणालो. त्याने चुळकाभर पाण्याने तांब्या विसळला, भरून आणला, आणि आम्ही तो दोन्ही हातांनी घेतला. तांब्यात वाकून पाहण्याचे धैर्य झाले नाही. डोळे मिटूनच प्यालो.

त्या वर्षापासून आईचे श्राद्ध एकच होते, त्याच्या घरी. वारीला तो आमच्याच दिंडीत असतो, वीणेकऱ्याच्या मागे तिसऱ्या ओळीत. बांध आहे तिथे आहे. त्याच्या सरकारी मोजणीसाठी आम्ही केलेला अर्ज मात्र अजून मागे घेतलेला नाही. कागद पेटीत आहे. नातवाने परवा विचारले, "आजोबा, हा कसला कागद?" आम्ही म्हणालो, ठेव तो जागेवर. त्याने ठेवला. उद्या त्याच्याकडूनच अर्ज मागे घेतल्याचा मजकूर लिहून घ्यावयाचा, असे हा लेख लिहिता लिहिता ठरविले आहे. त्याचे अक्षर चांगले आहे.